आर्किटेक्टचा अडकलेला पगार आणि लेबर ऑफिसच्या तारखा

मागणी साधी होती, शेवटच्या दोन महिन्यांचा पगार आणि एक्स्पिरियन्स लेटर. नोटीस पिरियड पूर्ण केलेला, फायली हॅन्डओव्हर केलेल्या, सर्व्हरवरची फोल्डरं नीट नावं देऊन लावलेली, तरी पैसे काही येईनात. ओळखीतले ज्युनियर हल्ली फोन करून विचारतात की ताई तू नक्की काय केलंस, कुठे गेलीस, कागद काय लागले, म्हणून एकदा सगळं सविस्तर लिहून काढतेय. फर्मचं नाव लिहिणार नाही. पुण्यातली मध्यम आकाराची फर्म, पंधरा-सोळा माणसं, मुख्यतः रेसिडेन्शियल काम, एवढं पुरे. ज्यांनी अशा ऑफिसात काम केलंय त्यांना हे एका फर्मपुरतं नाही हे वेगळं सांगायला नको.

आधी तिथलं काम कसं चालायचं ते सांगते कारण पुढे सगळं त्याच्यावरच ठरलं. जॉइन होताना अपॉइंटमेंट लेटर मिळालं नाही, एक पानी रिटेनरशिप अ‍ॅग्रीमेंट मिळालं आणि त्यात मी कन्सल्टंट. महिन्याला 22,000, त्यातून इन्कम टॅक्सच्या 194जे कलमाखाली 10 टक्के टीडीएस, म्हणजे कागदावर तो पगार नाहीच, प्रोफेशनल फी. पीएफ नाही, पगारी रजा नाही, पेस्लिप नाही. पण सकाळी साडेनऊला बायोमेट्रिकवर बोट लावायचं, महिन्यात तीनदा उशीर झाला की हाफ डे कापणार, सुट्टी हवी तर सरांना, म्हणजे फर्मचे मालक आणि प्रिन्सिपल आर्किटेक्ट, त्यांना मेल टाकून परवानगी घ्यायची आणि बाहेर कोणाच्या घराचं साधं इंटिरियरसुद्धा करायचं नाही हे तोंडी बजावलेलं. कन्सल्टंटचा हाफ डे कोण कापतं? पण शेजारच्या डेस्कवर बसणाऱ्या प्रत्येकाचं तेच असल्यामुळे हा प्रश्न कोणी मोठ्याने विचारत नव्हतं.

काम म्हणजे सँक्शन ड्रॉइंग (मंजुरीसाठीचे नकाशे) आणि वर्किंग ड्रॉइंग (साइटवर बांधायला लागणारे तपशीलवार नकाशे). डिसेंबर 2020 मधे यूडीसीपीआर, म्हणजे बांधकामाची राज्याची एकत्रित नियमावली, आलं आणि ऑफिसमधल्या जवळजवळ प्रत्येक चालू प्रोजेक्टचं एफएसआय (प्लॉटच्या मानाने किती बांधता येतं) स्टेटमेंट नव्याने काढायची वेळ आली. रेसिडेन्शियलला 60 टक्के अ‍ॅन्सिलरी एफएसआय, बाल्कन्यांचा हिशोब वेगळा, मार्जिन वेगळी, पार्किंग वेगळं, आणि बिल्डरला दर दोन दिवसांनी नवीन ऑप्शन हवा की ह्यात अजून एक मजला बसतो का बघा. वर ड्रॉइंग ऑनलाइन टाकायचं तर प्रत्येक पॉलिलाइन (कॅडमधली सलग रेघ) ठरलेल्या लेयरवर आणि क्लोज्ड पाहिजे, जिन्याची एखादी रेघ भलत्या लेयरवर राहिली की सॉफ्टवेअर अख्खी फाइल परत पाठवणार. हे निस्तरता निस्तरता रात्रीचे अकरा वाजायचे, मग स्कूटीवर सिंहगड रोडने एकटीने घरी, आई जागीच. सकाळी साडेनऊला परत बोट.

महाराष्ट्राच्या 2017 च्या, दुकानं आणि ऑफिसांना लागू होणाऱ्या, शॉप अ‍ॅक्टमधे 2025 च्या दुरुस्तीआधी दिवसाला 9 तास आणि आठवड्याला 48 तास ही मर्यादा होती, त्यावर ओव्हरटाइम दुप्पट दराने, आणि तोही तीन महिन्यांत 125 तासांपुरताच. रात्री साडेनऊनंतर बाईला थांबवायचं तर तिची संमती लागते, सुरक्षिततेची आणि घरी पोचवायची सोय लागते. हे सगळं तेव्हा दहा किंवा जास्त वर्कर असलेल्या आस्थापनेला लागू होतं, आणि नेमकं आमच्या फर्मच्या शॉप अ‍ॅक्टच्या कागदावर माणसं दहाच्या आत दाखवलेली, कारण बाकीचे सगळे कन्सल्टंट. माझ्या त्या एक पानी अ‍ॅग्रीमेंटचा फर्मला काय उपयोग होता हे तेव्हा कुठे उलगडलं. माणूस रोज खुर्चीत बसलेला असतो पण कागदावर नसतो.

आणि आपल्याकडे ह्याची सवय कॉलेजपासून लागलेली असते. सबमिशनच्या आधी दोन रात्री न झोपलेला मुलगा ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडताना) कौतुकाचा, वेळेत झोपणारा कमी सिन्सियर. मग इंटर्नशिपचं सेमिस्टर, ते तर बी.आर्कमधे सक्तीचंच, त्यामुळे डिग्रीसाठी कुठेतरी जावंच लागतं आणि स्टायपेंड काय देतील ते देतील, कित्येक ठिकाणी काहीच नाही, वर "शिकायला मिळतंय ना" ऐकायचं. मला हे प्रोफेशन मनापासून आवडतं, आजही वर्किंग ड्रॉइंगचा सेट पूर्ण झाला की छान वाटतं, पण त्या आवडीचा असा वापर होताना बघून संताप येतो.

तर नोकरी सोडली. दोन मेल केले, उत्तर नाही. मग सरांचा फोन आला, "अगं क्लायंटचंच पेमेंट अडकलंय, तुला माहितीये ना सगळं, तू तर घरच्यासारखी आहेस." सरांची अडचण खोटी नव्हती हेही सांगते. आर्किटेक्टची फी टप्प्याटप्प्याने मिळते, कन्सेप्टला एवढी, सँक्शनला एवढी, वर्किंग ड्रॉइंगला एवढी, आणि बिल्डर सँक्शन हातात पडेपर्यंत हात आखडता घेतो. काउन्सिल ऑफ आर्किटेक्चरचे (आर्किटेक्टची नोंदणी करणारी संस्था) फीचे दर छापलेले आहेत पण काम मिळवायला सगळेच त्याच्या खाली कोट करतात, एकाने कमी केलं की दुसरा अजून कमी. शेवटी ती घट भरून निघते कुठून तर ज्युनियरच्या रात्रींमधून. पण बिल्डरने सरांना उधार ठेवलं म्हणून सरांनी मला उधार ठेवायचं, हे कुठल्या हिशोबात बसतं? मला घरभाडं उधारीवर मिळत नव्हतं.

माझ्या मैत्रिणीचे बाबा पिंपरीतल्या एका कारखान्यात युनियनच्या कमिटीवर होते, आता रिटायर झालेत, आम्ही त्यांना काकाच म्हणतो. त्यांच्याकडे सहज विषय निघाला तर त्यांनी चहा बाजूला ठेवून विचारायलाच सुरुवात केली. हजेरी कोण घेतं? काम कोण सांगतं? चुकलं तर परत कोण करायला लावतं? रजा कोण मंजूर करतं? प्रत्येकाला माझं उत्तर "सर". काका म्हणाले, "मग बाळा तू कामगारच की. कागद गोळा कर, आणि फोनवर बोलणं बंद कर, जे काय ते लेखी."

कागद गोळा करायला बराच वेळ गेला आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं काम हेच. बँकेचं स्टेटमेंट, ज्यात दर महिन्याला तीच रक्कम त्याच फर्मकडून आलेली दिसते. 26एएस, म्हणजे कापलेला टीडीएस दाखवणारा इन्कम टॅक्सचा कागद. बायोमेट्रिकची महिन्याची शीट सगळ्यांना मेलवर यायची, त्या सगळ्या प्रिंट काढल्या. रजेचे मेल आणि त्यावरची "ओके, पण फोन चालू ठेव" असली उत्तरं. साइटवरून आलेले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज, रविवारच्या तारखांसकट. आणि ड्रॉइंग. ह्यात एक सांभाळा, सर्व्हरवरून क्लायंटच्या फायली कॉपी करून आणू नका, त्यावरून उलटी तक्रार होऊ शकते. मी फक्त माझ्या मेलवर आलेल्या आणि मीच कॉन्ट्रॅक्टरला पाठवलेल्या पीडीएफच्या प्रिंट घेतल्या, प्रोजेक्टचं नाव झाकून.

मग रजिस्टर्ड पोस्टाने पत्र, पंधरा दिवसांची मुदत देऊन. त्यावर फोन आला तो जरा वरच्या पट्टीतला, की आपल्या प्रोफेशनमधे असली पत्रं कोणी पाठवत नाही, पुण्यात सगळे एकमेकांना ओळखतात, तुझंच नाव खराब होईल. ह्या वाक्याने पोटात गोळा आला होता हे खरं, कारण नवीन नोकरीसाठी इंटरव्ह्यू चालू होते आणि पुण्यात सगळे एकमेकांना ओळखतात हे खोटं नाही. घरी पण आई म्हणाली की जाऊ दे, चाळीस-बेचाळीस हजारांसाठी कशाला शत्रू करतेस. मी काकांना फोन केला तर ते म्हणाले, "आता पुढची पायरी. उद्या अर्ज घेऊन ये, मी वाचतो."

अर्ज मराठीत साध्या भाषेत लिहिला. कधीपासून काम, काय काम, किती पैसे, कुठले महिने बाकी, सोबत काय जोडलंय. दोन प्रती, एकीवर आवकचा शिक्का आणि नंबर घेऊन ती आपल्याकडे. वाकडेवाडीला कामगार आयुक्तांच्या ऑफिसात गेले तेव्हा बाहेर बाकावर सिक्युरिटी गार्ड, हाउसकीपिंगच्या बायका, एका हॉटेलातले वेटर बसलेले, सगळ्यांच्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत कागद. एका बाईने विचारलं तुम्ही कुठल्या कंपनीत. आर्किटेक्टच्या ऑफिसात म्हटल्यावर म्हणाल्या, "म्हणजे बिल्डिंगीचे नकाशे काढता ना? तिथं पण पगार बुडवतात होय?" त्यांचा तीन महिन्यांचा अडकलेला. त्यांच्याशी बोलून मला जेवढा धीर आला तेवढा माझ्या बॅचच्या ग्रुपवर कधी आला नव्हता.

दोन्ही बाजूंना तारीख गेली. पहिल्या तारखेला फर्मकडून कोणी फिरकलंच नाही, पुढच्या तारखेला एक लेबर लॉ कन्सल्टंट आले, व्यवस्थित फाइल घेऊन. त्यांचं म्हणणं असं की मॅडम रजिस्टर्ड आर्किटेक्ट आहेत, 1972 च्या आर्किटेक्ट्स अ‍ॅक्टखाली त्यांचा नंबर आहे, त्या सर्जनशील स्वरूपाचं काम करतात, त्या कामगार कशा? शिक्षक सुद्धा कामगार नाहीत असं सुप्रीम कोर्टाने गोव्यातल्या एका शिक्षिकेच्या केसमधे 1988 मधे म्हटलंय. हा मुद्दा हलका नव्हता. औद्योगिक विवाद कायद्यात कामगार कोण ते कामाच्या प्रकारावरून ठरायचं, म्हणजे शारीरिक, कुशल, तांत्रिक, कारकुनी वगैरे, आणि शिकवणं त्यात बसत नाही असं कोर्टाने ठरवलं. मग डिझाइन करणं बसतं का?

इथे ड्रॉइंगं कामाला आली. प्रत्येक शीटच्या उजव्या कोपऱ्यात टायटल ब्लॉक असतो, ड्रॉन बाय मधे माझी इनिशियल्स, चेक्ड बाय मधे सरांची, खाली रिव्हिजन नंबर आणि तारीख. एका टॉयलेट डिटेलची शीट मी मुद्दाम वर ठेवली होती. तिच्या प्रिंटवर सरांनी लाल पेनने मार्किंग करून स्कॅन मला मेल केलेला, दाराशी ग्रॅनाइटची पट्टी 20 एमएम वर घे, टाइलचे जॉइंट डब्ल्यूसीच्या सेंटरला मॅच कर, खाली दोन रेघा मारून "उद्या 9 वाजता साइटवर हवं". तारीख रविवारची. आणि मग त्याच शीटचं पुढचं रिव्हिजन, पहाटे पावणेदोनला मी पाठवलेलं.

अधिकाऱ्यांनी ती शीट बराच वेळ बघितली. मग मला विचारलं, "ही पट्टी तुम्हाला पटली नसती तर तुम्ही तशीच ठेवू शकला असता का?"

मी म्हटलं, "नाही सर. मार्किंग आलं की ते उतरवायचं."

"आणि डिझाइन कोण ठरवतं?"

"प्रिन्सिपल आर्किटेक्ट. मी त्याची वर्किंग ड्रॉइंग करते."

काकांच्या ओळखीच्या युनियनच्या वकिलांनी मला एक केस समजावून ठेवलेली, ती मी तिथे सांगितली. सिल्व्हर ज्युबिली टेलरिंग हाउसची, सुप्रीम कोर्टाचा 1973 चा निकाल. तिथल्या शिंप्यांना नगावर पैसे मिळायचे, येण्याजाण्याची वेळ ठरलेली नव्हती, काही जण कापड घरी नेऊन शिवायचे, तरी कोर्टाने त्यांना दुकानाचे कर्मचारी मानलं, आणि एक मोठं कारण हे की शिवण पसंत नाही पडली तर मालक ती परत करायला लावू शकत होता. लाल पेनचं मार्किंग म्हणजे दुसरं काय आहे? शिंप्यांना निदान वेळेची मोकळीक होती, मला तर बायोमेट्रिक होतं.

अधिकारी म्हणाले, "मी कोर्ट नाही, मी निकाल देत नाही. पण साहेब, हे लेबर कोर्टात गेलं तर तिथे ह्याच गोष्टी निघतील, आणि एकीची निघाली की बाकीच्यांचीही निघेल. पीएफचंही निघेल. तुम्ही मालकांशी बोलून घ्या." कन्सल्टंटनी फाइल बंद केली आणि पुढची तारीख मागितली. माझ्या मते प्रकरण फिरलं ते इथे.

त्यानंतर समझोता झाला. दोन चेक, दोन्ही वटले. एक्स्पिरियन्स लेटरवर मात्र घासाघीस झाली कारण त्यांनी आणलेल्या ड्राफ्टमधे परत कन्सल्टंट, आणि मला ज्युनियर आर्किटेक्ट, जॉइनिंगची आणि शेवटच्या दिवसाची तारीख असं स्वच्छ हवं होतं. अधिकाऱ्यांच्या टेबलावरच दुरुस्ती करून घेतली. ओव्हरटाइम मिळाला नाही. बायोमेट्रिकच्या शीट होत्या, तास मोजता येत होते, दुप्पट दराने रक्कम माझ्या बुडालेल्या पगारापेक्षा कितीतरी जास्त झाली असती. पण त्यासाठी लेबर कोर्टात जावं लागलं असतं आणि तिथे मी कामगार आहे हे आधी सिद्ध करण्यातच वर्षं गेली असती. मी सही केली. ते तास मला अजून सलतात.

आता ह्यातला मला सगळ्यात मोलाचा वाटणारा भाग. हे चालू असताना आत काम करणारे माझे जुने सहकारी गुपचूप विचारायचे काय झालं. एका संध्याकाळी आम्ही सारसबागेजवळ भेटलो आणि पहिल्यांदा सगळ्यांनी आपापला पगार सांगितला, एका कागदावर लिहिला. एकाच कॉलेजची, एकाच बॅचची, एकाच महिन्यात लागलेली दोन मुलं, आणि मुलीला मुलापेक्षा चार हजार कमी. समान कामाला समान वेतनाचा नियम 1976 च्या कायद्यापासून आहे. ती मुलगी काही बोलली नाही, तो मुलगाच म्हणाला की मला माहिती असतं तर मी आधीच बोललो असतो. पगार सांगायचा नाही हा ऑफिसचा अलिखित नियम कोणाच्या फायद्याचा होता ते त्या कागदावर सगळ्यांना दिसलं.

त्यांनी सगळ्यांच्या सह्यांचं एक पत्र दिलं. अपॉइंटमेंट लेटर द्या, आठवड्याची एक सुट्टी पक्की ठेवा, रात्री साडेनऊनंतर मुली थांबल्या तर कॅब, इंटर्नला ठरलेला स्टायपेंड, आणि तो चार हजारांचा फरक काढून टाका. अपेक्षेप्रमाणे सरांनी एकेकाला केबिनमधे बोलवायला सुरुवात केली. ह्याची तयारी झालेली होती, प्रत्येकाने एकच उत्तर द्यायचं, "सर, आपण सगळे एकत्र बसून बोलूया ना." तिसऱ्या माणसाकडूनही तेच ऐकल्यावर मीटिंग लागली. कॅब मिळाली, फरक निघाला, इंटर्नला आठ हजार ठरले. अपॉइंटमेंट लेटर काहींना मिळालं काहींना नाही, पीएफचा विषय तसाच लटकलाय, आणि एक जण त्या ताणाला कंटाळून सोडून गेला, चांगला डिटेलिंग करणारा मुलगा.

युनियन का नाही काढत असं विचारतात. 1926 च्या ट्रेड युनियन कायद्यात सात जण मिळून नोंदणीचा अर्ज करू शकत होते, 2001 च्या दुरुस्तीने वर दहा टक्के किंवा शंभर कामगारांची अट आली, जो आकडा कमी असेल तो. आपली अडचण ही की ऑफिसं पाच-दहा माणसांची, त्यामुळे एका ऑफिसात काढून भागत नाही, शहराची एकत्र लागणार. आयटीवाल्यांनी करून दाखवलंय, कर्नाटकात केआयटीयू ही आयटी कर्मचाऱ्यांची युनियन 2017 पासून रजिस्टर्ड आहे, पुण्यात एनआयटीईएस ही त्यांची संघटना आहे, तिथेही आधी हेच म्हणायचे की आम्ही प्रोफेशनल, आम्हाला कशाला युनियन. बाहेर बघितलं तर लंडनमधे 2019 ला युनायटेड व्हॉइसेस ऑफ द वर्ल्ड ह्या युनियनमधे आर्किटेक्चरल वर्कर्सचा वेगळा विभाग निघाला. न्यूयॉर्कला शॉप आर्किटेक्ट्समधल्या लोकांनी 2021 च्या शेवटी प्रयत्न केला आणि दोनेक महिन्यांत मागे घ्यावा लागला, पण पुढे 2022 च्या सप्टेंबरमधे तिथल्याच बर्नहाइमर आर्किटेक्चरने आपल्या लोकांच्या युनियनला आपणहून मान्यता दिली. मालक स्वतः आर्किटेक्ट असून त्याने हो म्हटलं ही बातमी मी काकांना वाचून दाखवली होती.

आणि आपल्याकडे मालकांना सांगायला परका दाखला लागतही नाही. काउन्सिलच्या 1989 च्या प्रोफेशनल कंडक्ट रेग्युलेशन्समधे आर्किटेक्टच्या कर्तव्यांमधे स्पष्ट लिहिलंय की कर्मचाऱ्यांना योग्य कामाचं वातावरण द्यायचं, रास्त मोबदला द्यायचा आणि त्यांच्या प्रोफेशनल वाढीला मदत करायची. प्रोफेशनल प्रॅक्टिसच्या लेक्चरला हे रेग्युलेशन्स आम्हाला शिकवले होते, परीक्षेत क्लायंटबद्दलची कर्तव्यं यायची, हे कलम कधी आलं नाही.

21 नोव्हेंबर 2025 पासून चार लेबर कोड, म्हणजे केंद्राचे नवे कामगार कायदे, लागू झालेत, त्यामुळे वर लिहिलेले काही जुने कायदे आता त्यात गेलेत. तुमच्या कामाच्या दोन गोष्टी, त्यातल्या वेतनाच्या कायद्याप्रमाणे, म्हणजे वेज कोडप्रमाणे, राजीनामा दिला तरी शेवटचा हिशोब दोन वर्किंग डेजमधे द्यायचा आहे, आणि थकलेल्या पैशांचा दावा तीन वर्षांत करता येतो. मॅनेजर, सुपरवायझर, टेक्निकल सगळे त्यात कर्मचारी म्हणून धरलेत, त्यामुळे "तुम्ही आर्किटेक्ट, तुम्ही कामगार कशा" हा मुद्दा निदान पगाराच्या बाबतीत तेवढा चालणार नाही. कन्सल्टंटच्या कागदाचा मुद्दा मात्र राहतोच, म्हणून हजेरी, रजेचे मेल आणि मार्किंगचे स्कॅन पहिल्या दिवसापासून जपून ठेवा.

सध्या आम्ही सहा-सात ऑफिसांतले पंचवीसेक जण महिन्यातून एकदा भेटतो. आत्ता चालू आहे ते अपॉइंटमेंट लेटरचा एक मराठी नमुना तयार करणं, जो जॉइन होताना ज्युनियर स्वतःच पुढे करू शकेल, आणि इंटर्नशिपला जाणाऱ्या मुलांसाठी कुठलं ऑफिस किती स्टायपेंड देतं त्याची यादी, जी त्यांच्या ऑफर यायच्या आत पूर्ण करायचीये. काकाही येतात, मागच्या वेळी त्यांनी मीटिंगचं इतिवृत्त कसं लिहायचं ते सगळ्यांना शिकवलं.